पंच्याण्णवची पावती

इन्कमटॅक्सच्या वकिलाकडे कारकुनी केली म्हटलं, की लोकांना वाटतं, या माणसाकडे सांगण्यासारखं काय असणार? आकडे! पण माणूस बायकोपासून जे लपवतो ते त्याच्या घराच्या कागदांत हमखास सापडतं. अकरा वर्षं मी ते कागद लावले. किस्से गोळा करायला गेलो नाही, फायलींवर धूळ बसते तसे ते आपोआप बसत गेले.

आमचे अप्पा पनवेलचे इन्कमटॅक्सचे वकील. बाजारात एका वखारीच्या माडीवर दोन खोल्या, दोन टेबलं आणि मी. आणे-पैसे चालू होते तेव्हाची गोष्ट. गिऱ्हाइकं बहुतेक चाळींचे मालक. भाड्याच्या उत्पन्नातून त्यांना घरपट्टीची वजावट मिळे. आता गंमत अशी, की घरपट्टी महिन्याच्या आत भरली तर नगरपालिका सूट देई. बिल शंभराचं असलं तर भरायचे पंच्याण्णव. मग रिटर्नात वजा काय करायचं? सगळं गाव म्हणे शंभर. अप्पा म्हणत पंच्याण्णव. हसू नका! या पाच रुपयांपायी अप्पांची वकिली बुडायची वेळ आली होती.

*

भाताच्या गिरणीचे एक शेठ आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. गावात त्यांच्या तीन चाळी. रिटर्न बघून ते उखडले.

"अप्पा, बिल शंभराचं आहे! तुम्ही पंच्याण्णवच लिहिलेत!"

"पावती कितीची आहे?"

"पंच्याण्णवची. पाच सूट मिळाली ना!"

"ते पाच रुपये आता कुठे आहेत?"

"कुठे म्हणजे? माझ्या खिशात!"

"मग खिशातले पैसे खर्चात कसे दाखवू, शेठ?"

शेठ तरातरा जिना उतरून गेले. आठवड्याने त्यांचा दिवाणजी आला आणि सगळ्या फायली घेऊन गेला. गावात नवे वकील आले होते, ते शंभर लिहीत.

*

ही हकीकत जोशी मास्तरांच्या कानावर गेली. मास्तर हायस्कुलात गणित शिकवत, शिवाय सासऱ्यांकडून आलेली एक चाळ होती. पुढच्या वर्षी ते हसतच जिना चढले.

"अप्पा, तुमचा प्रश्न मी सोडवला! यंदा सूट घेतलीच नाही. मुद्दाम महिना उलटू दिला आणि मग भरले. ही बघा पावती, पूर्ण शंभरची. आता करा वजा!"

अप्पांनी शांतपणे हिशोब मांडला. "मास्तर, तुमचा टॅक्स सात आण्यांनी कमी झाला."

"वा!"

"आणि सूट किती सोडलीत?"

मास्तरांचा चेहरा हळूहळू उतरला. त्यांनी छत्री उचलली, दारापर्यंत गेले आणि परत माझ्यापाशी येऊन कुजबुजले, "हे शाळेत कळवू नका हं!"

*

अप्पांचं स्वतःचं घर होतं, दोन खोल्या भाड्याने दिलेल्या. एकदा नगरपालिकेच्या कारकुनाने चुकून त्यांना सूट दोनदा दिली. अप्पांना घरी आल्यावर कळलं. जेवण तसंच टाकून माणूस पैसे परत करायला निघाला!

कारकून म्हणाला, "अप्पा, पैसे परत घ्यायचं आमच्याकडे पुस्तकच नाही."

"मग?"

"पुढच्या वर्षाच्या घरपट्टीत जमा करतो."

"करा."

कारकुनाने पावती फाडली. अप्पांनी ती वाचली आणि मटकन बाकावर बसले. पुढच्या वर्षाचे पैसे इतके आधी भरले म्हणून कारकुनाने त्यावरही सूट दिली होती!

*

दोन वर्षांत निम्मी गिऱ्हाइकं गेली. सकाळी जिन्यावर पाऊल वाजलं की आम्ही दोघं आशेने बघायचो, तर वखारीचा हमाल पाणी प्यायला आलेला असायचा. एक दिवस मला राहवलं नाही.

"अप्पा, पाच रुपयांसाठी गिऱ्हाईक घालवता!"

"मी कुठे घालवतो? पाच रुपयांसाठी तेच जातंय."

अशा माणसाशी वाद कसा घालणार? माझा पगार मात्र एकदाही चुकला नाही. अप्पा हल्ली पायी का येतात, असं मी एकदा त्यांच्या बायकोला, वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "सायकल विकली. तुमच्या पगाराचं बघायचं होतं ना." तेव्हापासून मी त्या माणसाला मनातल्या मनात नमस्कार करत आलोय. तोंडावर केला असता तर ओरडले असते.

*

शेवटी व्हायचं ते झालं. नवे इन्कमटॅक्स ऑफिसर आले आणि त्यांनी पनवेलच्या झाडून सगळ्या चाळमालकांना नोटिसा काढल्या. घरपट्टीच्या मूळ पावत्या घेऊन हजर व्हा! आमच्याही उरल्यासुरल्या गिऱ्हाइकांना आल्या. एकाच्याही कागदात चूक निघाली, तर माडीला कुलूप लावायचं हे अप्पांनी मला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं.

एसटीने आम्ही जिल्ह्याच्या कचेरीत पोचलो. बरोबर हिराबाई. जासईच्या, नवऱ्यामागे मिठागर चालवणाऱ्या. पनवेलला त्यांची आठ खोल्यांची चाळ. बाईंना अक्षरओळख नव्हती, पण कोणती पावती कुठल्या वर्षाची हे घडीवरून सांगत. रिटर्न भरायला बसल्या की दोन तास एकेक रुपया आठवून सांगायच्या, एखादा चुकला तर उठून गेलेल्या परत यायच्या.

व्हरांड्यात गर्दी. आत एकेकाची हजेरी चालली होती. शेठ घाम पुसत बाहेर आले आणि तडक निघून गेले. मग अप्पांच्या गिऱ्हाइकांची पाळी. साहेबांनी पहिली फाइल उघडली, पावती ताडून पाहिली. जुळली. दुसरी जुळली. तिसरी, चौथीही जुळली. साहेबांनी चष्मा काढला, अप्पांकडे नीट बघितलं.

"तुमच्या किती राहिल्यात?"

"नऊ, साहेब."

साहेबांनी नऊच्या नऊ फायली पुढे ओढल्या आणि एकही न उघडता वरच्या वर सह्या करत सुटले. अप्पा खाली बघत उभे होते.

तेवढ्यात मागून हिराबाईंचा आवाज आला.

"सायब, ती माजी फाइल हाय."

"हो बाई. झालं तुमचं काम. जा तुम्ही."

"नाय जानार! तुमी उघडलीच नाय!"

"अहो, तुमच्यावर विश्वास आहे म्हणून नाही उघडली."

"विश्वास तुमच्याकडं ठेवा! एवढं खरं लिवलंय, ते वाचनार कोन?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं, हिराबाईंना खुर्ची द्यायला सांगितलं, फाइल उघडली आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लागले.