टाचणीकाका लाउंजमध्ये बसतात

टाचणीकाकांना कशाची भीती वाटत नाही, एवढंच विचारावं. उत्तर सोपं होतं: सुई, कात्री आणि इस्त्री. बाकी सगळ्याची वाटायची. कुत्र्याची, लिफ्टची, दातांच्या डॉक्टरची, दारावर अनोळखी हाताने वाजवलेल्या बेलची. विमानाची तर इतकी, की ते आकाशातून जायला लागलं की हे रस्त्यावर असले तरी दुकानाच्या फळीखाली सरकायचे. विमान काय ह्यांच्याच डोक्यावर पडायला निघालं होतं? पण भीतीला असले प्रश्न विचारून उपयोग नसतो.

नाटक कंपनीत ते कपडेपट सांभाळायचे. पेटारे, हँगर, दोऱ्याची रिळं आणि कोणाचं पोट वाढलं की शिवण उसवून द्यायची गुपचूप सोय. कॉलरच्या आत, बाहीच्या दुमडीत, खिशाच्या कडेला टाचण्या खोचलेल्या असायच्या, म्हणून टाचणीकाका. कंपनीत खरं नाव कोणाला आठवायचंही नाही.

हा माणूस कंपनीत नट व्हायला आला होता, हे सांगितलं तर आज कोणी खरं मानणार नाही. पहारेकऱ्याचं काम मिळालं होतं, वाक्य एकच: ‘सरकार, पाहुणे आले.’ पहिल्याच प्रयोगाला विंगेत बोबडी वळली. पाहुणे आपले आपणच आत गेले आणि पहारेकरी पेटाऱ्यामागे घामाघूम होऊन बसला. तेव्हाच्या म्हाताऱ्या कपडेवाल्याने रागावण्याऐवजी त्यांच्या हातात सुई दिली, पुढ्यात फाटका अंगरखा टाकला आणि म्हणाला, "घाल टाके." टाके घालता घालता हात थरथरायचे थांबले. ते त्या खोलीतून परत बाहेर पडलेच नाहीत म्हणा ना.

बायको मात्र अगदी उलटी. शाळेत खेळाची शिक्षिका, गळ्यात शिट्टी, आवाज मैदानाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. घरमालकाशी भांडायचं तर ती, झुरळ मारायचं तर ती, दात काढताना काकांचा हात धरून बसायचं तर तीच. "अहो, डोळे मिटा आणि मोठा श्वास घ्या, मी आहे ना," हे वाक्य तिने लग्नापासून इतक्यांदा म्हटलं होतं, की काकांना ते पाठ होतं. तिला कधी भीती वाटते का, असा प्रश्न त्यांच्या डोक्यातही आला नव्हता. भिंतीला कोणी विचारतं का, दमलीस का म्हणून?

मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात गेली, तिला मूल झालं, तेव्हा आजी एकटीच विमानात बसून गेली. काकांनी प्रयोगांचं कारण पुढे केलं. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांनी मोठ्या मनाने ठाऊक नसल्याचं दाखवलं.

मग एके दिवशी नातीला कडेवर घेऊन जिना चढताना आजी मधेच बसली. तपासण्या झाल्या. हृदयाची झडप बिघडली होती आणि थांबायला वेळ नव्हता. मुलीने फोनवर सगळं सांगितलं, रडली, मग आईला फोन दिला. बायको एवढंच म्हणाली, "तुम्ही याल का? मला आत नेण्याआधी या." तिने आजवर त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. काका ‘येतो’ म्हणाले, फोन ठेवला आणि मग पोटात जो गोळा आला तो गेलाच नाही.

जावयाने लगोलग तिकीट काढलं. दुपारी विमान, तासाभरात तिकडे, संध्याकाळी ऑपरेशन. जावई जरा हिशेबी पण मनाने चांगला. त्याच्याकडे प्रवासाचं क्रेडिट कार्ड होतं, त्याचंच एक ॲड-ऑन कार्ड त्याने मागेच काकांच्या नावाने पाठवलं होतं. काकांनी ते मलमलच्या तुकड्यात गुंडाळून कपाटात ठेवलं होतं, हात लावला तर काहीतरी होईल ह्या धाकाने.

"बाबा, तुम्ही पहाटेच जाऊन बसणार, मला माहीत आहे," जावई म्हणाला. "तिथे बाहेर ताटकळू नका. लाउंज आहे, कार्ड दाखवा आणि आत आरामात बसा. चहा-नाश्ता सगळं त्यातच. त्यासाठीच तर घेतलंय कार्ड."

"आणि नाही म्हणाले तर?"

"नाही म्हणत नाहीत, बाबा."

पहाटे नाही, पण सकाळी दुकानं उघडायच्या आत काका विमानतळावर हजर. तपासणीच्या चौकटीतून गेले आणि चौकट किंचाळली. पुन्हा गेले, पुन्हा किंचाळली. गणवेशातल्या माणसाने अंगावरून यंत्र फिरवलं तर ते कॉलरपाशी ओरडतंय, बाहीपाशी ओरडतंय, खिशापाशी ओरडतंय. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. नेहमीचा शर्ट घालायचा नाही हे त्यांना सुचलंच नव्हतं. कसं सुचणार? माणूस घराबाहेर पडताना आपल्या भुवया काढून ठेवतो का? मग एकेक टाचणी उपसून ट्रेमध्ये टाकायला सुरुवात झाली. मागे रांग वाढत गेली. कोणीतरी हसलं. गणवेशवाला हसला नाही, आणि काकांना त्याचीच जास्त धास्ती वाटली. आता आपल्याला बाजूच्या खोलीत नेणार, विमान जाणार, तिकडे ती वाट बघत आत जाणार. पण त्याने ट्रे बाजूला सरकवला आणि म्हणाला, "काका, जा आता. शांतपणे जा."

शांतपणे! काका मान खाली घालून चालू लागले.

लाउंजचं दार काचेचं आणि आपोआप उघडणारं. काका दोनदा त्याच्यासमोरून तसेच पुढे गेले. तिसऱ्या वेळी दारानेच उघडून त्यांना पकडलं. टेबलामागे एक मुलगी, नीटनेटकी, कानात मोत्याच्या बारीक कुड्या. तिच्या शेजारी एक पाटी होती, पण काकांचं सगळं लक्ष मुलीच्या चेहऱ्यावर, कारण ती कधी ‘नाही’ म्हणते ते त्यांना बघायचं होतं. त्यांनी मलमल उलगडली. तिने कार्ड यंत्राला लावलं. यंत्राने नाराजीचा आवाज काढला.

"ते माझं आहे," काका घाईने म्हणाले. "म्हणजे जावयाचं आहे. पण नाव माझंच आहे. बघा, नाव बघा."

"हो काका, उलटं लागलं होतं," ती म्हणाली आणि कार्ड फिरवलं. "या, बसा कुठेही."

आत गेले आणि काकांचा जीव भांड्यात पडला. इतका, की त्यांनाच नवल वाटलं. कारण ही खोली त्यांच्या ओळखीची होती. मंद दिवे. लांब सोफे. कोपऱ्यात कोट टांगायची दांडी. स्वच्छतागृहात आरशाभोवती दिवे. एक गृहस्थ बूट काढून पाय मोकळे करतोय, एक बाई डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकतेय, एकजण उभ्या उभ्या टोस्ट खातोय. सगळे गप्प, सगळे तयारीत, सगळ्यांना थोड्या वेळाने कुठेतरी जायचंय. अरे, हा तर रंगपट! प्रयोगाआधीचा रंगपट असाच असतो. आणि रंगपटात काकांना कधी भीती वाटलेली नाही.

त्यांनी चहा घेतला, बिस्कीट बुडवलं. मग त्यांना ती दिसली. समोरच्या सोफ्यावरची, कामावर निघालेली कोणी बाई, मांडीवर लॅपटॉप, आणि तिच्या लांब कोटाची खालची शिवण हातभर सुटून लोंबत होती. काकांनी दुसरीकडे पाहायचा प्रयत्न केला. जमेना. गवयासमोर कोणी बेसूर गुणगुणावं तशी त्यांची अवस्था.

"बाई, रागावणार नसाल तर," ते शेवटी म्हणाले, "तेवढी कड मी शिवून देऊ का? पायात येऊन पडाल."

ती आधी दचकली, मग हसली, मग तिने खरंच कोट काढून दिला. टेबलामागच्या मुलीकडे पाहुण्यांसाठी ठेवलेली इवलीशी शिवणाची डबी निघाली. सुई हातात आली आणि फोन ठेवल्यापासूनचा तो पोटातला गोळा हळूच विरघळला. काका टाके घालू लागले. बारीक, आतल्या बाजूने, वरून दिसणार नाहीत असे.

वेळेचं काय, असं तुम्ही विचाराल. काकांनी कधी घड्याळ पाहून काम केलेलंच नव्हतं. कपडेपटात बसलेल्या माणसाला घड्याळ लागत नाही. पहिली घंटा होते, दुसरी होते, तिसऱ्या घंटेला पडदा वर जातो. माणूस टाक्यात कितीही बुडालेला असो, घंटा त्याच्यापर्यंत येते. त्यासाठीच तर ती असते. इथेही होईल, इतक्या मोठ्या विमानाची घंटा होणार नाही असं कसं होईल? काका निश्चिंत होते. जन्मात पहिल्यांदा, घराबाहेर, अनोळखी माणसांत, निश्चिंत.

कड थोडीच राहिली तेव्हा त्यांनी सहज विचारलं, "आपल्याला बोलवायला कोण येतं हो इथे?"

"बोलवायला?" बाई म्हणाली. "इथे नाही कोणी बोलवत, काका. इथे घोषणाच नसते, शांतता राहावी म्हणून. तिथे पाटी आहे बघा. आपण आपलं त्या पडद्यावर लक्ष ठेवायचं. तुमचं विमान कुठलं?"

काकांनी शहराचं नाव सांगितलं. तिने भिंतीवरच्या पडद्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. एवढं काकांना पुरलं. कोट हातातून पडला.

ते धावले. ह्या माणसाला धावताना कंपनीतल्या कोणी पाहिलं नव्हतं. बाई त्यांच्या पुढे धावत वाट दाखवत होती. सरकता जिना, ज्यावर पाय ठेवायला ते सकाळी घाबरले होते, तो त्यांनी दोन-दोन पायऱ्या उतरून पार केला. फक्त तिथवर पोचायचं. बाकी कशाची भीती नंतर.

विमानाकडे जायचं दार बंद होतं. काचेपलीकडे विमान उभं होतं, अगदी हात लावावा इतकं जवळ, आणि शिडी बाजूला झालेली होती.

"उघडा ना," काका म्हणाले. "ते तर इथेच आहे."

"आता नाही उघडता येत, काका," दारावरची मुलगी म्हणाली. तिलाही वाईट वाटत होतं. "कुठे होतात तुम्ही? किती वेळा पुकारलं तुमचं नाव."

बाईने रदबदली केली, ऑपरेशनचं सांगितलं, आवाज चढवून पाहिला. दार दारच राहिलं. मग विमान हलायला लागलं आणि काका ते लांब जाताना बघत राहिले. पुढचं विमान संध्याकाळी होतं. बाईनेच त्यांना त्याचं तिकीट काढून दिलं, पाण्याची बाटली दिली, आणि तिच्या विमानाची वेळ झाली म्हणून ती गेली. काकांना पोचायला रात्र होणार होती.

त्यांनी फोन काढला आणि परत खिशात ठेवला. काय सांगायचं? मऊ सोफ्यावर बसून परक्या बाईचा कोट शिवत होतो म्हणून? मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. शेवटी मुलीला लावला.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आईला मी सांगू का?"

असं अवघड काहीही आजवर त्यांच्या वतीने दुसऱ्यानेच सांगितलं होतं. ‘हो’ अगदी जिभेवर आलं होतं.

"नको," काका म्हणाले. "तिला दे."

त्यांनी सगळं सांगितलं. टाचण्या, लाउंज, कोट, घंटा. काही लपवलं नाही. ऐकून झाल्यावर पलीकडून तोच मैदानावरचा आवाज आला. "बरं, झालं ते झालं. पाणी प्यालात का? आधी कुठेतरी टेका. डोळे मिटा आणि मोठा श्वास घ्या. घाबरायचं काही कारण नाही, इथे मुलगी आहे, जावई आहेत. गोळी घेतलीत ना सकाळची? आणि त्या विमानात खिडकीशी बसू नका, तुम्हाला..."

ती बोलत राहिली. काका खांबाला टेकून खाली फरशीवरच बसले होते. ऐकता ऐकता त्यांच्या लक्षात आलं, की प्रत्येक वाक्याच्या शेवटी तिचा श्वास तुटतोय. एखादी शिवण आतून उसवत जावी तसा.

"अगं," ते म्हणाले, "तुला भीती वाटतेय का?"

त्यांनी फोन कानाशी घट्ट धरला.

"हो," ती म्हणाली. हा आवाज त्यांनी कधीच ऐकला नव्हता, लहान मुलीचा असावा तसा. "फार वाटतेय. मुलीला दाखवता येत नाही. तुम्ही आलात की सांगीन म्हणून थांबले होते."

काकांना रडू आलं. ते त्यांनी गिळलं. मग त्यांना जे येत होतं, टाक्यांखेरीज जन्मभर जे एकच आलं होतं, ते त्यांनी तिला सांगायला घेतलं.

"हात गार पडलेत?"

"हो."

"पोटात गोळा आलाय? गच्च?"

"हो हो. तोच."

"तो आता वर घशापर्यंत येईल. येऊ दे. वाटेल की जीव जातोय, पण जात नाही. मला माहीत आहे ना. तिथून तो खाली उतरतो जरासा. उतरला की सांग."

पलीकडे नुसता श्वास. त्यांच्या समोरून लोक बॅगा ओढत जात होते.

"उतरला थोडा," ती म्हणाली. मग घाबऱ्या घाबऱ्या, "पण परत येईल?"

"येईल. मग आपण परत उतरवू."

"मला आत न्यायला येईपर्यंत फोन ठेवू नका हं."

"नाही ठेवत," काका म्हणाले, आणि त्यांनी तो ठेवला नाही.