तांडेलचं निळं पाणी

"एम ॲज इन मुंबई! ई ॲज इन एलिफंट! एस ॲज इन सॅम! एच ॲज इन... अबे पुणेकर, एच कशाचा?"

"हॉस्पिटल," मी म्हणालो. त्या क्षणी डोळ्यांसमोर दुसरं काही येईना.

"एच ॲज इन हॉस्पिटल! आर ॲज इन रॉबर्ट! मेश्राम फ्रॉम बॉथेल! मेडे! मेडे!"

बोटीचं इंजिन मेलेलं. किनारा धुक्यानं गिळलेला. लाटा आम्हाला सुपातल्या तांदळासारखं पाखडत होत्या, आणि हा गृहस्थ 'मेडे' या बोटींच्या मदतीच्या हाकेबरोबर रेडिओवरून अख्ख्या प्रशांत महासागराला आपल्या आडनावाचं स्पेलिंग सांगत होता. त्याला हसू नका. अमेरिकेत आपण सगळ्यांनी अर्धं आयुष्य फोनवर तेच केलेलं आहे. गॅसवाला असो की दाताचा डॉक्टर, आधी स्पेलिंग. मरणाच्या दारात जीभ आपोआप तिकडेच वळली.

बोटीत तिसरे होते त्याचे वडील. माशांसाठी आणलेल्या बर्फाच्या पेटीवर बसलेले. डोक्याला माकडटोपी, अंगात तपकिरी कोट, कोटावर नारिंगी लाइफ जॅकेट. गाडी लेट आहे एवढंच समजलेल्या माणसासारखे ते शांत बसले होते.

मेश्रामला 'तांडेल' हे नाव मी दिलं. तांडेल म्हणजे कोळ्यांच्या होडीचा म्होरक्या. आमचा हा म्होरक्या वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावचा, राहायला सिएटलजवळ बॉथेलला. समुद्र पहिल्यांदा बघितला तो विमानाच्या खिडकीतून, आणि तोही ढगांमुळे नीट नाही. बावीस फुटांची जुनी बोट घेऊन तो टूना मासे मारायला निघाला, तेव्हा मी टोमणा म्हणून त्याला तांडेल म्हटलं. त्यानं तो टोमणा घेतलाच नाही. पुढच्या आठवड्यात टोपीवर देवनागरीत 'तांडेल' शिवून घेऊन आमच्या ऑफिसात आला, आणि बोटीच्या ढुंगणावर नाव रंगवलं, 'पुलगाव'. बंदरातले गोरे तिला 'पूल-गो' म्हणायचे.

त्याचा आवाज ही एक वेगळीच चीज होती. अंतर जितकं लांब तितका आवाज मोठा, हा त्याचा सिद्धांत. रविवारी सकाळी तो पुलगावला वडिलांना फोन लावायचा तेव्हा शेजारची बाई लॉनमोअर बंद करून बघायला यायची, आणि माझ्या मते त्याला फोनची गरज नव्हती, खिडकी उघडली असती तरी भागलं असतं. "बाबूजी! जेवले काय? पाऊस आहे काय? औषध घेऊन राहिले ना?" या सगळ्या गर्जनांना पलीकडून एकच शब्द यायचा, "चालते." मग तांडेल फोन ठेवून आम्हाला सांगायचा, "बाबूजी आज लई बोलले."

असा हा दर्यावर्दी बोट लागणारा होता. साधी नव्हे. बंदराच्या तोंडाशी जिथे उथळ पाण्यावर लाटा फुटतात, ती जागा ओलांडली की तो कठड्यावर ओणवा व्हायचा, आणि परत येईपर्यंत सुकाणू एका हातानं आणि पोट दुसऱ्या हातानं सांभाळायचा. मी एकदा वैतागून म्हणालो, "अरे, सोसत नाही तर हा छंद कशाला? टेनिस खेळ." त्यानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "माझ्या आज्याले गावच्या विहिरीवर सावली पाडायची बंदी होती. बाबूजी लहानपणी मडकं घेऊन उभे राहायचे, कोणी वरून ओतलं तर पाणी, नाही तर नाही. आणि मी? मी अख्ख्या पॅसिफिकमध्ये ओकून राहिलो आहे. कोणाची हिंमत आहे का मले थांबवायची?" यावर मी टेनिसचा विषय पुन्हा काढला नाही.

पोटात टिकायचं ते फक्त केळं. म्हणून तो बोटीवर केळ्यांचा घड घेऊन चढायचा. आणि तिकडच्या मासेमाऱ्यांत केळं म्हणजे महाअपशकुन. केळं बोटीवर आलं की मासा गेला. बंदरातला एक म्हातारा कॅप्टन तो घड बघून असा किंचाळला होता की आम्हाला वाटलं साप निघाला. त्यानं आमच्या बोटीचा दोर धरायलाही नकार दिला. तांडेल खूश! दिवसभर तेच घोळवत होता. "इथं फक्त केळ्याले शिवत नाहीत बे. केवढी सुधारणा!"

अपशकुन असो की काही, सहा उन्हाळ्यांत त्याला टूना दिसला नव्हता. किनाऱ्याजवळचं पाणी हिरवट आणि गारठलेलं. खूप आत गेलं की एके ठिकाणी रंग बदलतो, कोणी रेघ मारल्यासारखा. पलीकडे निळं, कोमट पाणी. टूना त्या निळ्यातच राहतो. हिरव्याला शिवत नाही. ती रेघ कधी जवळ येते, कधी इतकी लांब जाते की बावीस फुटी बोटीनं तिचा विचारही करू नये. तांडेल रोज विचार करायचा.

मग त्या वर्षी बाबूजी आले. छातीचं दुखणं घेऊनच आले. सिएटलच्या डॉक्टरनं तपासलं, तांडेलला बाहेर बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं की, आता यांना जे दाखवायचं ते दाखवून घ्या. तांडेलनं ते शब्दशः घेतलं. लोक अशा वेळी नायगारा दाखवतात. तांडेलला निळं पाणी दाखवायचं होतं. स्वतःच्या बोटीतून. आणि बाबूजींच्या हातानं एक मासा काढायचा होता. परतीचं तिकीट सप्टेंबरचं. ऑगस्टभर दर शनिवारी समुद्र खवळलेला. तांडेल ऑफिसात काम सोडून हवामान बघायचा, रात्री झोपायचा नाही, ड्राइव्ह-वेत निळ्या ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या बोटीभोवती फेऱ्या मारायचा. खंगला. पट्ट्याला नवीन भोक पाडलं.

शेवटच्या शनिवारी हवा उघडली. विशाखावहिनींनी, त्याच्या बायकोनं, सरळ सांगितलं, "तुम्ही वेडे झालेले आहात. पण मी काही बोलत नाही, बाबूजींनाच विचारा." बाबूजींना विचारलं.

"चालते," बाबूजी म्हणाले.

मी का गेलो? वहिनींनी माझ्याकडे नुसतं बघितलं म्हणून.

आणि ऐका, आम्हाला निळं पाणी सापडलं! शाईची दौत उलटी केल्यासारखं. त्यात हात घातला तर कोमट. तांडेल ओकायचं विसरला. इंजिन हळू चालवत मागे गळ सोडले, आणि बाबूजींच्या बाजूची काठी अशी वाकली की मी म्हणालो खाली पाणबुडी लागली. तांडेलनं काठी बाबूजींच्या हातात दिली, त्यांचे हात आपल्या हातांत धरले, आणि बापलेक मागे रेलून ओढायला लागले. "बाबूजी, धरा! सोडू नका! तुमचा हाय तो! तुमचा हाय!" सहा वर्षांचं रडू त्या आवाजात होतं.

तेवढ्यात इंजिन खोकलं. पुन्हा खोकलं. बंद पडलं. तांडेल इंजिनाकडे धावला, दोरी सैल पडली.

"गेला," बाबूजी म्हणाले.

पेट्रोलच्या टाकीत पाणी गेलं होतं. असल्या प्रसंगासाठी एक छोटं इंजिनही होतं, पण ते त्याच टाकीवर लावलेलं. तेही एक उचकी देऊन गप्प. बोट लाटेला आडवी झाली. मागून पाणी आत यायला लागलं. मग धुकं आलं, आणि जगात आमच्या बोटीएवढीच जागा उरली. मी बादली घेतली. तांडेलनं रेडिओ घेतला. तिथूनच तुम्ही ऐकताय.

उत्तर नाही. तो ओरडतोय, ओरडतोय, उत्तर नाही. बाबूजींचे ओठ काळपट व्हायला लागले होते. गोळी जिभेखाली ठेवली, पण गारठ्यानं त्यांची हनुवटी हलत होती. स्पेलिंग संपलं, मेडे संपलं, इंग्रजी संपलं. रेडिओ तोंडाशी धरून तांडेल मराठीत बोलायला लागला. आधी वडिलांशी. "बाबूजी, मी तुम्हाले कायले आणलं इथं? घरी टीव्ही पाहत बसले असते. हट्ट माझा होता, बाबूजी. माझाच." मग कोणाशी ते मला कळेना. समुद्राशी असेल. "या माणसानं ओंजळ धरून दुसऱ्यानं ओतलेलं पाणी पेलं आहे रे. याले कुठंही मारा. पाण्यात नका मारू. हात जोडतो, पाण्यात नका मारू."

मी हसवणारा माणूस आहे, पण माझ्या हातातली बादली तिथे थांबली.

एक लाट बसली आणि रेडिओचा माइक त्याच्या मुठीतून सुटून खाली पडला. पडल्याबरोबर त्यातून आवाज यायला लागला. घोगरा, अमेरिकन, कंटाळलेला. "...बटण सोड, स्किपर. ऐकू येत असेल तर बटण सोड. बटण सोड, देवासाठी..."

बोलायला बटण दाबायचं, ऐकायला सोडायचं. सहा वर्षं तांडेलला हे पाठ होतं. पण भीतीनं मूठ आवळली ती उघडलीच नव्हती. आम्हाला कोणी ऐकत नाही असं आम्ही समजत होतो, आणि त्या टापूतली प्रत्येक बोट आम्हाला ऐकत होती. आम्हीच कोणाला बोलू देत नव्हतो! घोगरा आवाज एका मोठ्या टूना-बोटीचा होता. त्यांच्याकडे रेडिओवरची हाक कुठल्या दिशेनं येते ते दाखवणारं यंत्र होतं. "तुझ्या आवाजावरच आम्ही येतोय," तो म्हणाला. "आता पुन्हा दाब आणि बोलत राहा. काहीही बोल. थांबू नकोस."

तांडेलनं बटण दाबलं, तोंड उघडलं, आणि काही आलं नाही. आवाज गेला होता. पुलगावपर्यंत फोनशिवाय पोचणारा तो आवाज! नुसती हवा. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी बादली खाली ठेवली असती तर बोट भरली असती. मग त्यानं गुडघ्यांवर सरकत जाऊन माइक बाबूजींच्या तोंडापुढे धरला.

बाबूजींनी जरा विचार केला. जन्म रेल्वेत गँगमन म्हणून काढलेला माणूस. काहीही बोल म्हटल्यावर त्यांनी जे बोलायचं ते सुरू केलं. "वर्धा. दहेगाव. कवठा. पुलगाव. तळणी. धामणगाव." एकेक स्टेशन, मध्ये श्वास. "चांदूर. मालखेड. टिमटाळा. बडनेरा." तांडेलचा अंगठा बटणावर, कपाळ बाबूजींच्या गुडघ्यावर. अकोला गेलं, शेगाव गेलं. मलकापूरला बाबूजींना धाप लागली, मला वाटलं संपलं. थांबले, आणि म्हणाले, "भुसावळ." नंतर तसेच पुढे मनमाडकडे निघाले. मनमाड यायच्या आत धुक्यात भोंगा वाजला. खरं सांगतो, आगगाडीच आली असं मला वाटलं.

त्यांनी आम्हाला ओढत नेलं. वाटेत निळं पाणी संपायच्या जरा आधी बाबूजी कठड्याकडे झुकले, ओंजळ भरून पाणी घेतलं आणि प्यायले. तांडेलनं बघितलं. मीही बघितलं.

ती बोट पुन्हा पाण्यात उतरली नाही. एका दाताच्या डॉक्टरनं नेली, आणि त्यानं नाव खरवडून काढलं. बाबूजी सप्टेंबरात गेले, आणि त्या थंडीत कायमचेच गेले. तांडेल पुढे नोकरीसाठी ओहायोतल्या डब्लिनला गेला, जिथून समुद्र कुठल्याही बाजूनं लांबच आहे. घसा बरा झाला, पण फोनवर तो हळू बोलायचा. मला दर वेळी सांगावं लागायचं, "तांडेल, जरा मोठ्यानं." मागच्या वर्षी तिथेच तो गेला. त्याच्यासाठी लिहायला बसलो तर मला बॉथेलमधली त्या शनिवारची संध्याकाळ सोडून दुसरं काही सुचत नाही.

विशाखावहिनी गॅरेजच्या दारातच उभ्या होत्या. त्यांना फोनवर सगळं कळलेलं होतं. नवऱ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. सासऱ्यांना खुर्चीवर बसवलं, शाल घातली, चहाचा कप हातात दिला, आणि त्यांच्या पायांतले ओले मोजे काढायला खाली बसल्या. तांडेल दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. बोलता येत नव्हतं. दहावीचा निकाल ऐकायला आलेल्या पोरासारखा तो बापाकडे बघत होता.

वहिनींनी मोजा पिळला आणि विचारलं, "कसं होतं हो बाबूजी, यांचं ते निळं पाणी?"

बाबूजींनी चहाचा एक घोट घेतला.

"खारं," ते म्हणाले.