मेलेल्या बाईची दृष्ट

तारापूरच्या कॉलनीत मी माळी होतो, तेव्हाची गोष्ट. परदेशातून नाचणाऱ्यांचा संच आला होता. स्टेजपुढे कुंड्या मी लावल्या, म्हणून साहेबाने दोन पास दिले. बायकोला सायकलवर डबलसीट घेऊन गेलो. तिने लग्नातलं लुगडं नेसलं होतं.

सुरुवातीला एकाने माइकवर सांगितलं, मुळात हे तिकडचं जुनं, नावाजलेलं गाण्याचं नाटक. आज कोणी गाणार नाही, सगळं नाचून दाखवणार.

बायको म्हणाली, "म्हंजे मुक्यांचं नाटक?"

"गप बस."

मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पोरी अंगठ्यांवर उभ्या राहून फिरत होत्या, त्यांच्या पायांना किती दुखत असेल एवढंच मनात येत होतं. बायकोला सगळं कळत होतं. मला कोपराने ढोसून सांगायची, "अवो, त्याला ती नको झालीय, बघा. आता ती मरनार."

आणि ती मेली. नाचता नाचता खाली पडली ती पडलीच. बायकोने पदर तोंडात कोंबला.

मग टाळ्या झाल्या, मेलेली उठली आणि वाकून हसली. लोक निघाले. बायको बसूनच.

"हिची दृष्ट कोनी काढली नाय."

तिचं माहेर एडवणचं. तिकडे गावच्या नाटकात जो स्टेजवर मरतो, त्याचा रंग पुसायच्या आधी घरची बाई त्याची दृष्ट काढते. नाहीतर मरण अंगाला लागतं म्हणतात. मी म्हटलं, "तुज्या गावचं नाटक नाय हे. चल." एवढं बोलून खाली वाकलो आणि कुंड्या बाजूला करायला लागलो. मान वर केली तर बायको स्टेजवर!

त्या गोऱ्या पोरीच्या तोंडावरून तिने दोन्ही हात उतरवले आणि आपल्या कानशिलांवर नेऊन बोटं मोडली. कडाकडा. मला कुंडीपर्यंत ऐकू आलं.

साहेब ओरडला, "ही बाई कोणाबरोबर आलीय?"

मी कुंडी उचलली आणि तोंड लपवलं. लाज वाटली मला. बायकोने तिथूनच माझ्याकडे बघितलं. नाव नाही घेतलं तिने माझं. त्या पोरीने मात्र तिचे हात धरून आपल्या कपाळाला लावले.

जाताना सायकलवर बायको माझा सदरा धरून बसली होती. येताना तिने कॅरिअर धरला.

"साहेबाने विचारलं तवा कान गेलते काय तुमचे?"

"तुला काय पडलं होतं?"

"तिची आई इथं नव्हती," एवढंच म्हणाली. त्यानंतर तिने तो विषय कधी काढला नाही. मीही नाही. तिथेच चुकलो.

दोन वर्षांपूर्वी ती बोईसरला दवाखान्यात पडून होती. डोळे मिटलेले. मी तिच्या तोंडावरून हात उतरवले, बोटं मोडायला गेलो, तर म्हाताऱ्या बोटांतून आवाज निघेना. नर्सने विचारलं, "बाबा, या कोण तुमच्या?"

मी ओरडून सांगितलं, "बायको हाय माजी!" सगळा वॉर्ड बघायला लागला. नर्स म्हणाली, हळू बोला.

हळू कशाला? जिला ऐकवायचं होतं तिने पुन्हा डोळे उघडले नाहीत. ऐकलं की नाही, कोणाला विचारू?