ओतिलियाचं कच्चं इंग्रजी

ह्यूस्टनच्या त्या हॉटेलातल्या लाँड्रीत बायका चौदा आणि इंग्रजी येणारी एकटी ओतिलिया. साहेब केस्लर इंग्रजीत फर्मान सोडणार, ही ते स्पॅनिशमध्ये सगळ्यांना समजावणार. नऊ वर्षं हेच चाललेलं, तेही फुकटात. शेवटी तिनं मुकादमाची जागा मागितली. तासाला दोन डॉलर जास्त. केस्लरनं अर्जावर शेरा मारला, इंग्रजी कच्चं. आता बोला! ज्या इंग्रजीवर ह्याची अख्खी लाँड्री चालत होती, ते पगाराची वेळ आली तेव्हा कच्चं निघालं.

ओतिलिया भांडली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिनं तोंडाला कुलूप लावलं. फळ्यावरच्या सूचना वाचून दाखवणंही बंद.

गुरुवारी केस्लरनं फळ्यावर लिहिलं, नवं ब्लीच ‘वन्स’. म्हणजे एकदाच. पण तीच अक्षरं स्पॅनिशमध्ये ‘ओन्से’ अशी वाचतात, म्हणजे अकरा. नवीन लागलेली इदालिया भलती प्रामाणिक, तिनं मोजून अकरा मापं ओतली. संध्याकाळच्या लग्नाचे लाल टेबलक्लॉथ पांढरेफटक पडले.

केस्लर तणतणत आला आणि इदालियाला चालती हो म्हणून ओरडला. तिला ओ की ठो कळेना. ‘यस सर, यस सर’ म्हणत ती पुढची चादर झटकायला लागली.

“सांग तिला, कामावरून काढलंय म्हणून,” केस्लर ओतिलियावर खेकसला.

ओतिलियानं इदालियाकडे पाहिलं. आपल्या हट्टापायी पोरीची भाकरी जाणार होती. पण आता माघार घेतली तर जन्मभर फुकट राबावं लागेल, हेही तिला कळत होतं.

“कसं सांगू साहेब? माझं इंग्रजी कच्चं. तुम्हीच लिहिलंय तसं.”

बायकांना शब्द कळले नसतील, पण सूर कळला. एकेक करून सगळ्यांनी मशिनं बंद केली. केस्लरनं घड्याळाकडे पाहिलं.

“काय पाहिजे तुला?”

“दोन डॉलर, आजपासून. आणि पोरगी राहणार. कागदावर लिहून द्या, मला वाचता येतं.”

त्यानं दात खात लिहून दिलं. ओतिलियानं एकेक शब्दावर बोट ठेवून वाचलं आणि कागद ॲप्रनच्या खिशात घातला.

“आता तरी सांग तिला,” केस्लर म्हणाला, “पुन्हा असं केलंस तर खैर नाही.”

ओतिलिया इदालियाकडे वळली. “साहेब म्हणतायत, लिहिताना त्यांचीच चूक झाली. तू मनाला लावून घेऊ नकोस.”

इदालिया लाजली.

“असू दे, ओतिलियाबाई,” ती म्हणाली. “माफ केलं म्हणावं.”