मिनलची व्हॅन पूल का चढेना

माझ्या भावाची, कोंडीरामची पोरगी मिनल. कोंडीरामनं जन्मभर कंपनीत प्रेसवर पत्रे दाबले, पण पोरीला दाबून ठेवणं त्याला कधी जमलं नाही. ती सासर सोडून परत आली तेव्हा संत तुकाराम नगरातल्या आमच्या गल्लीनं तिला वाईट काही म्हटलं नाही. काहीच म्हटलं नाही, तेच वाईट होतं. ती दिसली की बोलणं थांबायचं, गेली की सुरू.

मग तिनं जुनी पेट्रोलची व्हॅन घेतली. चाकणच्या एका कारखान्यात सकाळच्या शिफ्टला जाणाऱ्या बायकांना ने-आण करायचं काम मिळवलं. "बाईमाणूस, त्यात चाकणचा रस्ता, बघू किती टिकतंय," असं गल्ली म्हणाली. पोरगी टिकली.

एका थंडीत सकाळी व्हॅन चालूच होईना. बॅटरी उतरली होती. समोरचा ज्योतीराम दात घासत उभा होता, त्यानं ब्रश तोंडात ठेवूनच मागून खांदा लावला. त्याचं बघून शेजारचा समाधान आला. सुमनताईनं पदर खोचला. मीपण हात लावला. जोर नव्हता माझा, पण हात होता. गाडी गुरगुरली, धावली, आणि मिनल काच खाली करून हसली. माहेरी आल्यापासून तिला असं हसताना मी बघितलं नव्हतं.

तेव्हापासून रोजचंच झालं. ज्योतीराम ओरडायचा, "फर्स्ट शिफ्ट आली का सगळी?" आणि लोक बाह्या सारत बाहेर यायचे. ढकलता ढकलता चौकशी व्हायची. जेवलीस का, कोंडीरामदादाचा गुडघा कसा हाय. मी म्हणायचे, "अगं, बॅटरी बदल." ती म्हणायची, "बदलू की आत्या, घाई काय?"

यंदा गाडीनं दम सोडला. सपाटीला बरी चालायची, पण भोसरीचा उड्डाणपूल आला की रडायची. पाय पार खाली दाबला तरी रिक्षावाले हसत पुढं जायचे. आत सडक्या अंड्यासारखा वास यायचा, पुलापलीकडं चढलेल्या बायका एकमेकींच्या डब्यांकडं संशयानं बघायच्या. एका गॅरेजवाल्यानं फिल्टर बदलला, दुसऱ्यानं प्लग. पूल काही चढेना. बायकांना गेटवर उशीर व्हायला लागला. सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, अजून एकदा उशीर झाला की ही लाइन दुसऱ्या गाडीला." लाइन गेली की मिनलनं उभं केलेलं सगळंच गेलं.

रविवारी ती मोशीला भिमाजीच्या गॅरेजवर निघाली. मला घरी बसवत नाही, म्हणून मीही बसले गाडीत.

भिमाजीनं एक चक्कर मारली आणि सांगितलं, क्लच गेलाय. नीट तपासला तर क्लच ठणठणीत. "चुकलो राव," असं तो स्वतःलाच म्हणाला आणि बिडी पेटवायची ती तशीच कानावर ठेवली. मग मिनलला जागेवरच रेस करायला लावलं, आपण मागं उकिडवा बसला आणि सायलेन्सरच्या तोंडापुढं पंजा धरला.

"आत्याबाई, इकडं या. हात धरा. काय लागतंय?"

"फुंकर. तीपण म्हातारीची."

"तेच तर! एवढ्या रेसला हात मागं लोटला पाहिजे. इंजिनाला श्वास घेता येतोय, सोडता येत न्हाई. सोडलाच न्हाई तर नवा घेणार कुठनं?"

खाली वाकून त्यानं नळीतला एक डबा दाखवला. त्याला कॅटलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, धुरातलं विष तिथं जळतं. ती जाळी वितळून गच्च बसली असावी, असं तो म्हणाला.

"असावी म्हणून बदलत न्हाई," तो म्हणाला, "मघाशी क्लचचं बघितलं ना." डब्याच्या अलीकडं एक सेन्सर होता, तो त्यानं काढला. धुराला वाट करून दिली. "आता पळव. पळाली तर चोर सापडला."

पळाली. आवाज असा की मोशीतली सगळी कुत्री भुंकायला लागली, पण पळाली.

मिनल उतरून डबा बदला म्हणाली. भिमाजीचं मन भरलं नव्हतं. "जाळी वितळली कशानं? ते कळल्याबिगर नवी घातली तर तीबी जाईल. प्लग चांगले हायत, ऑइल पीत न्हाई. सकाळी चालू कशी करतीस?"

मीच अभिमानानं सांगितलं, "आम्ही ढकलतो की! अख्खी गल्ली."

"रोज?"

"रोज म्हणजे रोज."

त्यानं फडक्याला हात पुसले. "आत्याबाई, ढकलताना इंजिन पेटेपर्यंत कच्चं पेट्रोल तसंच मागं जातं, आणि या डब्यात जाऊन पेटतं. अडीनडीला एखाद्या बारीला चालतंय. रोज केलं की जाळी वितळणारच. बॅटरी का न्हाई बदलली गं?"

मिनलनं खाली पडलेला एक नट उचलून हातात फिरवला. मग हळूच म्हणाली, "बदलली तर सकाळी कोण येणार, भाऊ?"

भिमाजीला काही उमगलं नाही. मला उमगलं. एवढे दिवस मला वाटायचं, ही आळशी आहे. बॅटरी न बदलता ती गल्लीला धरून बसली होती. आम्हीपण किती मायेनं ढकलत होतो, आणि पुढं गाडीचा गळा आवळत होतो. यात चूक कुणाची म्हणायची?

"दोन्ही बसवा," ती शेवटी म्हणाली. "डबा आणि बॅटरी."

सोमवारी सकाळी मंडळी बाह्या सारून हजर. मिनलनं चावी फिरवली, गाडी एका दमात चालू. ज्योतीराम म्हणाला, "म्हणजे आमची नोकरी गेली म्हणायची." हसला, पण हसू ओठांतच राहिलं.

तिला थांबायला वेळ नव्हता. तरी तिनं उतरून मागचा दरवाजा सरकवला. "दादा, बसा. पूल चढते का नाही बघायला माणसं लागतील. बायका पुलाच्या पलीकडं चढतात, तोवर जागा हाय."

"अगं, मी लुंगीवर!"

"पुलाला चालतंय."

सुमनताई त्याच्या आधी चढून बसली, मागोमाग तो आणि आम्ही बाकीचे. पूल आला तसे सगळे नकळत पुढं झुकले, जणू आतूनच ढकलणार. मिनलनं पाय दाबला. गाडी चढली. एका रिक्षावाल्याला मागं टाकलं तेव्हा सुमनताईनं त्याला हात हलवून टाटा केला.

पलीकडं आम्ही उतरलो, बायका चढल्या. व्हॅन वेळेत गेटवर पोचली. लाइन मिनलकडंच राहिली.

आम्ही चालत परतलो, ज्योतीराम लुंगी सावरत. वाटेत सुमनताई म्हणाली, "उद्या निघायच्या आधी माझ्याकडं पोहे खाऊन जा म्हणावं तिला." ज्योतीरामनं लगेच मोबाइल काढला. पोरगी गाडी चालवतेय रे, म्हणत मी तो त्याच्या हातातून काढून घेतला.