उधाणात बांधलेली होडी

मी चौथीपर्यंतच शिकलो, पण पाण्याचं गणित मला कुणी शिकवायचं नाही. अमावस्या-पुनवेला पाण्याला जोर असतो, ते उधाण. तेव्हा जाळी भरतात. अष्टमीच्या आसपास पाणी मंदावतं, तो भांग. तेव्हा होडी बंदरात आणि मुलगा घरी. हे माझ्या बापापासून चालत आलंय.

मुलाच्या लग्नाला तीन वर्षं झाली तरी सुनेला दिवस जाईनात. बाया तिला डोहाळजेवणाला बोलवेनाशा झाल्या. मी पाल्याचं औषध आणलं, तेही ती मुकाट प्यायली. शेवटी बायको दोघांना घेऊन अलिबागला डॉक्टरणीकडे गेली. दोष कुणातच निघाला नाही. डॉक्टरीण म्हणाली, बीज महिन्यातून एकदा सुटतं, पुढची पाळी यायच्या साधारण दोन आठवडे आधी. तो दिवस आणि त्याच्या आधीचे चार-पाच दिवस, तेवढ्यातच मूल राहू शकतं.

सुनेची पाळी पुनवेच्या आगेमागे. म्हणजे ते दिवस अमावस्येचे, ऐन उधाणाचे.

बायको म्हणाली, "येत्या अमावशेला पोराला घरी ठेवा."

"आपल्याला चार झाली. मी काय उधाणात घरी बसलेलो?"

"तुमची होडी शिडाची. सांजच्याला घरी यायची. याची बर्फ भरून जाते ती पाच-सहा दिवस दिसत न्हाय."

तिचं खरं होतं, त्याचाच राग जास्त आला. माझं आता वय झालं, मुलाशिवाय होडी हाकणारं दुसरं कुणी नाही. भर उधाणात बांधून ठेवली.

बंदरावर जो तो विचारी, काय झालं? सुनेची पाळी चौघांत कशी सांगू? इंजिन बिघडलं म्हणालो. तर शेजारचा होडीवाला माझ्यावर उपकार म्हणून मिस्त्रीच घेऊन आला. इंजिन पहिल्याच दमात सुरू झालं.

मिस्त्री म्हणाला, "नाखवा, मशीन तर ठणठणीत हाय."

मी म्हणालो, मला आवाज बरोबर वाटत नाही.

पुनवेला सून पुन्हा बाजूला बसली. वेळ साधली तरी दर महिन्याला राहीलच असं नाही, हे म्हणे डॉक्टरणीने आधीच सांगितलेलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. भरती कधी अशी फसवत नाही.

पाचव्या दिवशी सुनेने चहा आणून ठेवला. "बाबा, येत्या उधाणाला जाऊ दे त्यांना. लोक तुम्हाला हसतात."

"हसू दे."

अमावस्येच्या आधी मिस्त्री वाटेत भेटला. त्याने तोंड उघडायच्या आत मीच सांगून टाकलं, इंजिन परत बिघडलंय, आणि तू यायचं नाहीस.