आज हरकत नाही

आमच्या कॉलनीत एक गृहस्थ असे होते की त्यांच्यासमोर ‘काही हरकत नाही’ म्हणायची चोरी होती. आपण मराठी माणसं हे वाक्य दिवसातून पन्नास वेळा फेकतो. कुणी शिडी मागितली, हरकत नाही. कुणी वाटी परत करायला विसरलं, हरकत नाही. हे मात्र ते ऐकलं की जागीच थांबायचे, चष्म्याच्या वरून बघायचे आणि विचारायचे, “विचार करून म्हनून राहिले, का तोंडाला आलं म्हनून?” शिडी न्यायला आलेला माणूसच अशी उलटतपासणी घ्यायला लागल्यावर देणाऱ्यानं काय करावं? त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते पोस्टमनशिवाय कुणी वापरत नसे. सगळे त्यांना हरकतसाहेब म्हणायचे, आणि तेही त्यांना ठाऊक होतं.

नाव दुसऱ्या अर्थानंही चपखल बसलेलं होतं. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारे खानभाई म्हणायचे, “साहब का नाम बराबर है. उनकी हरकत रुकतीच नहीं.” उर्दूत हरकत म्हणजे हालचाल, हे मला तेव्हा कळलं. साहेबांना मी कधी खुर्चीला पाठ टेकून बसलेलं पाहिलं नाही. कडेवर टेकायचे, एक पाय चपलेत, एक बाहेर. चहा उभ्यानं प्यायचे. बोलता बोलता आपल्या फाटकाची ढिली कडी घट्ट करायचे, जाता जाता काडीनं तुंबलेली मोरी मोकळी करायचे. त्यांच्याशी पाच मिनिटं बोललं की आपल्यालाच दमल्यासारखं व्हायचं.

पाटबंधारे खात्यात ते कालवा निरीक्षक होते. उभा जन्म कालव्याच्या कडेनं सायकल हाणण्यात गेला. कालव्याच्या तोंडाशी ज्यांची रानं, ते पाणी पोटभर घेतात आणि शेपटाकडच्याच्या, म्हणजे टेलवाल्याच्या, वाट्याला चिखलसुद्धा येत नाही, हे त्यांनी तीस वर्षं पाहिलेलं. त्यामुळे कुठल्याही बाबतीत त्यांचा पहिला प्रश्न, “अन् टेलवाल्याचं काय?” पंधरा ऑगस्टला कॉलनीत जिलेबी वाटायची तर हे ताट घेऊन सरळ रांगेच्या शेवटी जायचे आणि तिथून सुरुवात करायचे. पहिल्या नंबरासाठी तासभर आधी येऊन उभे राहिलेले लोक दातओठ खायचे. त्यात एकदा मीही होते.

ही गोष्ट सुरू झाली तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती. गावाबाहेर, कयाधूच्या अलीकडे आम्ही छत्तीस नोकरदार घरांनी सोसायटी केली. जागा स्वस्त मिळाली म्हणून सगळे खूश, पण जमीन काळी. पहिल्याच पावसाळ्यात शोषखड्डे तोंडोतोंड भरले, कारण काळ्या मातीत पाणी मुरतंय कशाला! अंगणातून काय काय वाहायला लागलं ते लिहीत नाही. चेअरमन म्हणाले, नाल्यात पाइप टाकू, नाला नदीला जातो, कोण बघायला येतंय. सगळ्यांनी माना हलवल्या. हरकतसाहेब तेवढे उभे राहिले, म्हणजे ते उभेच होते, आणि म्हणाले की पाणी साफ करायचं, परवाना काढायचा आणि मगच नदीत सोडायचं.

परवाना! घाण सोडायला परवाना लागतो हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. बैठकीत हशा पिकला. पण साहेबांनी महिनाभर प्रत्येकाच्या दाराशी येऊन असं भंडावून सोडलं की लोकांनी निव्वळ सुटका व्हावी म्हणून होकार दिला. दोन हौद झाले, हवा मारायची मोटार बसली, वाळूची गाळणी झाली. मी शाळेत शिक्षिका, अक्षर बरं, म्हणून सोसायटीची सचिव. झालं, अर्ज लिहायचं माझ्या गळ्यात आलं. नेमकी माझी फोडणी तडतडायला आणि साहेब दारात यायला एकच वेळ. “बाई, एक ओळ बदलायची.” एक ओळ बदलायची म्हणजे सगळा अर्ज नव्यानं लिहायचा. एकच अर्ज मी सात वेळा लिहिला. मनात त्यांना काय काय म्हणाले ते देवाला ठाऊक. ते तो कागद घेऊन एसटीनं प्रदूषण मंडळाच्या नांदेडच्या ऑफिसात जायचे, परत यायचे, पुन्हा दारात उभे.

कागदांच्या यादीत खालच्या बाजूच्या गावाचा नाहरकत दाखला होता. ग्रामसेवकानं तो पाच मिनिटांत शिक्का मारून दिला. मी म्हटलं, सुटले एकदाची! पण त्या दिवसापासून साहेबांची चुळबुळ दुप्पट झाली. दाखला खिशातून काढायचे, वाचायचे, परत ठेवायचे. शेवटी मी वैतागून विचारलं, आता काय राहिलं?

“ग्रामसेवक नदीचं पानी पितो का, बाई?”

मी म्हटलं, तो कशाला पिईल, त्याच्या घरी नळ आहे.

“मंग त्याची हरकत नसनारच की. जो पितो त्याला इचारलंच न्हाई आपून.”

आणि एका रविवारी मला घेऊन ते खाली निघाले. मी का गेले, आजही नीट सांगता येत नाही. बहुतेक, नाही म्हणायचा कंटाळा आला म्हणून.

नाला जिथं नदीला मिळतो त्याच्या खाली थोड्या अंतरावर मेंढ्या पाळणाऱ्यांची दहाबारा घरं होती. प्यायला एक हापसा, तो बिघडला की वाळूत झिरे उकरून पाणी भरायचं. धुणं, आंघोळ, मेंढ्या, सगळं नदीवर. तिथल्या गिरजामाय वाळूत बसून एका कोकराच्या पायातला काटा काढत होत्या. वय साठीच्या पुढं, आवाज खणखणीत. मी अर्ज वाचून दाखवला, ‘प्रक्रिया केलेले सांडपाणी’ वगैरे. त्यांनी कोकरू सोडलं आणि साहेबांना विचारलं, “संडासाचं पानी का?”

मी घाईनं प्रक्रिया समजावून सांगायला लागले. साहेबांनी मला हातानं थांबवलं आणि म्हणाले, “व्हय. संडासाचंच.”

त्यावर गिरजामायनी आम्हाला जे ऐकवलं ते इथं छापता येणार नाही. त्यांचा मुद्दा एवढाच होता की छत्तीस घरचे शिकलेले लोक स्वतःची घाण स्वतःच्या दारात ठेवू शकत नाहीत आणि अंगठा मागायला मात्र येतात. परत येताना माझे कान लाल झाले होते. साहेब मात्र खूश दिसत होते. मला त्यांचा इतका राग आला होता की मी चढावर मुद्दाम भराभर चालले. ते मागून आले आणि चालता चालताच सांगायला लागले. त्यांच्या लहानपणी गावात नदीवर तीन पाणवठे होते. वरचा गावाचा, मधला जनावरांचा, सगळ्यात खालचा त्यांच्या वस्तीचा. जनावरांनी पाण्यात जे केलं ते घड्यात यायचं. त्यांची आई लुगड्याचा पदर चारपदरी करून पाणी गाळायची.

“आता म्या वर आलो, बाई. चाळीस वर्सांनी आलो. तर वरच्यांनी जे केलं तेच म्या करू? आमाला कुनी कवा इचारलं न्हाई, हरकत हाय का म्हनून. येकदा जरी इचारलं असतं ना.”

आमच्या गावातही असेच पाणवठे होते आणि आमच्या घरचं पाणी वरच्या पाणवठ्यावरून यायचं. हे मी त्यांना त्या दिवशी सांगायला हवं होतं. नंतरही कधी सांगितलं नाही. त्याची लाज वाटते, ती अजून वाटते.

त्यानंतर साहेब तिथं तीन वेळा गेले. दोनदा एकटे, कारण मी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. चौथ्या वेळी मी आपणहून गेले. सोबत हौदातलं साफ झालेलं पाणी बाटलीत नेलं होतं. गिरजामायनी ते हुंगलं, हातावर घेतलं, एका मेंढीपुढं धरलं. मेंढी प्यायली. मग त्या म्हणाल्या की आजचं पाणी बरं असेल, उद्याचं कोण बघणार? ज्या दिवशी मेंढ्या नदीला तोंड लावणार नाहीत त्या दिवशी मी वर येऊन सांगीन, तेव्हा पाणी बंद करशील का?

“करीन,” साहेब म्हणाले. “नळीच्या तोंडाला गेट बसवतो. चावी मह्याजवळ. तुमची हरकत आली की गेट बंद. मंग आमची घान आमच्याच दारात.”

मी कागदावर ‘आमची हरकत नाही’ असं लिहिलं आणि वाचून दाखवलं. गिरजामायनी अंगठा मागं घेतला.

“आसं नका लिवू. ‘आज हरकत न्हाई’ आसं लिवा. उद्याचं उद्या.”

मी साहेबांकडे पाहिलं. हा माणूस पहिल्यांदाच वाळूत मांडी घालून शांत बसला होता. ते म्हणाले, बराबर सांगताहेत त्या, लिहा. मी ‘आज’ हा शब्द वर काकपद घालून लिहिला आणि अंगठा उठला. नांदेडच्या ऑफिसात सांगण्यात आलं की हा जादा कागद यादीत नाही, लागत नाही. साहेब म्हणाले, लागत नसेल, पण राहू द्या. त्यांनीही तो फायलीत राहू दिला. काही महिन्यांनी परवाना आला.

आम्ही पेढे वाटले आणि विसरून गेलो. साहेब विसरले नाहीत. दर पंधरा दिवसांनी ते खाली जायचे, गिरजामायना विचारायचे, “हाय का काही हरकत?” त्या म्हणायच्या, “आज न्हाई.” मग हे परत. एकदा त्यांनी गंमत म्हणून ‘हाये’ म्हटलं, तर साहेब चावी घेऊन धावतच वर निघाले. मेंढ्यांमागची पोरं ओरडत त्यांना परत आणायला धावली. हे मला गिरजामायनीच नंतर पदराआड हसत सांगितलं.

अशी सहासात वर्षं गेली. मग साहेबांची साखर वाढली, पायाची जखम चिघळली आणि मुलगा त्यांना औरंगाबादला घेऊन गेला. जायच्या आदल्या संध्याकाळी ते माझ्याकडे आले. काठी टेकून, पण उभेच. गेटची चावी पुढं केली, तुमच्याकडे ठेवता का म्हणाले. मी सवयीनं म्हणून गेले, “ठेवा की, काही हरकत नाही.” त्यांनी चष्म्याच्या वरून पाहिलं. चावी परत खिशात घातली.

“विचार करा अन् सकाळी सांगा.”

रात्रभर मला चीड आली. एवढी सात वेळा अर्ज लिहिणारी मी, आणि माझ्यावर विश्वास नाही? सकाळी गाडी दाराशी आली तेव्हा मी जाऊन म्हणाले, “ठेवते.” त्यांनी चावी दिली. चार महिन्यांनी ते गेल्याचा फोन आला. कॉलनीत शोकसभा झाली. चेअरमन फार छान बोलले.

आणि मग आम्ही आमच्या वळणावर गेलो. वीज दिवसातून आठ-दहा तास नसायची. मोटार जळाली. चेअरमन म्हणाले, दिवाळीनंतर बघू, पाणी तर वाहून जातंय ना, कुणाची हरकत नाही. बैठकीत सगळे ‘हरकत नाही’ म्हणाले. मीही म्हणाले. खोटं कशाला सांगू? घाण खाली वाहत होती आणि आमच्या नाकाला काही लागत नव्हतं. खाली जाऊन बघायचं मी रोज ठरवायची आणि शाळेच्या वह्या काढून बसायची.

तिसऱ्या आठवड्यात गिरजामाय फाटकाशी उभ्या राहिल्या. चढ चढून धाप लागली होती. विचारत होत्या, ते हरकतवाले साहेब कुठंयत? त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. मी सांगितलं, गेले. त्या फाटकाला धरून खाली बसल्या. बराच वेळ पदरानं तोंड पुसत राहिल्या. मग उठून म्हणाल्या, “दोन दिवस झाले, मेंढ्या पान्याला तोंड लावून न्हाई राहिल्या. मंग आता हरकत कुनापाशी सांगायची?”

“मला सांगा,” मी म्हणाले.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “हरकत हाये,” म्हणाल्या.

गेट गंजलं होतं. मी चावीनं कुलूप काढलं आणि दोघींनी गेटच्या चाकाला लोंबकळून ते फिरवलं. हात सोलवटले, पण बसलं एकदाचं. कॉलनीचा उतार जिथं संपतो, म्हणजे आमच्या कॉलनीचं टेल, तिथं चेअरमनचं घर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या अंगणात तुळशीवृंदावनापर्यंत पाणी आलं. दिवाळीनंतर येणारे खानभाई त्या दिवशी दुपारीच आले. मोटार काढून नेताना त्यांनी मला विचारलं, गेट किसने बंद किया? मी म्हटलं, साहब ने. ते खाली मान घालून हसले आणि डोळे पुसले.

पाचव्या दिवशी मोटार पुन्हा सुरू झाली. हौदात पाणी नितळायला आणखी चार दिवस लागले. तोवर सगळी कॉलनी नाकाला रुमाल लावून फिरत होती आणि माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. शेवटी चेअरमन स्वतः दारात आले. बिचाऱ्यांचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरले होते. हात जोडून म्हणाले, “बाई, आता पाणी साफ आहे. गेट उघडा. आता तर काही हरकत नाही ना?”

माझ्या हातात भाकरीचं पीठ होतं. मी हात धुतले, चावी कमरेला खोचली, पायात चपला सरकवल्या.

“थांबा,” मी म्हणाले. “खाली विचारून येते.”